हकीकत भोवऱ्यांच्या बंदुकीस केलेल्या सुधारणांची

श्री. नमन त्या गणरायास, ज्यांनी युगानुयुगे एकच मूषक वाहन ठेविले, त्यास ना नवे खोगीर केले ना रुप्याचा लगाम, आणि तरी जेथे जावयाचे तेथे वेळेवर पोहोचले. शके सोळाशे काही, धांदलनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी साहेबांची आज्ञा जाहाली की, शिकारी बंदूक कारागिराच्या हातून जैसी आली तैसी ठेवावी, किंवा तीस वरून नाना सुधारणा कराव्या, आणि केल्यास त्या फळास येतात की नाही, याविषयी आपले राज्यी काही घडले असल्यास लिहून पाठविणे. त्यास घडले आहे. जे घडले ते आम्ही जवळ उभे राहून पाहिले, सबब पदरचे न घालता लिहितो. क्वचित घातलेच तर शोभेपुरते.

राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. नाव लिहिले की वारस उभे राहतात. डोंगर होते, डोंगराखाली जोंधळ्याची राने होती, आणि कणसे भरू लागली की डोंगरातून रानडुकरे उतरत, आणि मग महाराज लवाजम्यासह शिकारीस निघत. त्या शिकारीत पहिल्या बाराचा मान भोवऱ्यांच्या घराण्याचा होता. भोवऱ्यांच्या गोळीने डुक्कर पडल्याखेरीज दुसऱ्या कोणी, मग तो सेनापती का असेना, बंदुकीस हात लावू नये, आणि वर्षातला पहिला डुक्कर पडेतो रयतेनेही रानात बार काढू नये, ऐसी चाल होती. पूर्वी कोणे एके काळी एका महाराजांचाच बार चुकला, आणि महाराज चुकले ऐसे म्हणणारे मुख राज्यात नव्हते, तेव्हा शास्त्रीमंडळींनी विचार करून तो दोष बंदुकीवर ठेविला. तेव्हापासून बार चुकला की बंदुकीवर फिर्याद होई, तीस काढण्या लावून, म्हणजे दोरांनी बांधून, दरबारी उभी करीत, शाबिती होई, शिक्षा होई, आणि मानकरी निर्दोष घरी जाई. मान जाण्याची वाट एकच होती. मानकऱ्याने भर दरबारी आपल्या तोंडाने "चूक माझी" म्हणावे. ऐसे म्हणणारा पिढ्यानपिढ्या जन्मास आला नव्हता, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नव्हते.

ते समयी मानकरी जानराव भोवरे होते. जानराव म्हणजे पारा. बसले तर गुडघा हाले, उभे राहिले तर मिशी पिळीत, आणि जेवता जेवता उठून दारापर्यंत जाऊन येत, का ते त्यांस विचारले तर त्यांसही सांगता येत नसे. तरुणपणी नेम ऐसा होता की धावता ससा उजवीकडे वळणार की डावीकडे हे सशाच्या आधी त्यांस कळे. बंदूक वडिलांची, साधी जामगीची, म्हणजे जळत्या दोरीने दारू पेटवावयाची, दस्त्यास ना नक्षी ना चांदी. त्या बंदुकीने त्यांनी पुष्कळ वर्षे मान राखिला, आणि मग एके वर्षी बार चुकला. डुक्कर समोरून रमतगमत गेला, जैसा कोणी लग्नाहून परतावा, आणि गोळी बोरीच्या झाडास लागली.

मग चालीप्रमाणे बंदुकीस दरबारी आणिले. न्यायशास्त्री यांनी विचारिले, "तुझे काही म्हणणे आहे काय?" बंदूक काही बोलली नाही. शास्त्री म्हणाले, "मौन ही संमती," आणि गुन्हा शाबीत जाहाला, आणि शिक्षा ठरली की बंदुकीस सुधारावे. मग हत्यारखान्याचे उस्ताद नबीलाल यांस बोलाविले. उस्तादांनी बंदूक उलटी केली, सुलटी केली, नळीत फुंकर मारली आणि बोलिले, "सरकार, हिला काय झालेलं न्हाई. तेल द्या न् ठेवून द्या." जानरावांचा पारा चढला. म्हणाले, "हिला काही झालं नाही, तर मग बार काय वाऱ्याने चुकला?" उस्ताद संसारी मनुष्य, घरी खाणारी तोंडे फार, ते म्हणाले, "मग जामगी जुनी झाली आसंल, सरकार. चकमक बसवू." आणि जळत्या दोरीच्या जागी गारगोटीची चकमक बसविली, आणि जानराव आनंदले, आणि पुढले वर्षी बार पुन्हा चुकला.

येथून जे सुरू जाहाले ते आवरेना. चकमकीचा घोडा जोराने आपटतो त्याने हात हलतो, सबब चाप हलका केला. चाप इतका हलका जाहाला की शिंकले तरी बार उडे, सबब त्यावर अडसर बसविला. दस्ता खांद्यास बसत नाही म्हणून शिसवी दस्ता केला, तो जड जाहाला, मग पुढे तोल यावा म्हणून नळी जाड घेतली, मग बंदूक हाती धरवेना म्हणून खाली तिवई केली, आणि तिवई उचलण्यास एक गडी ठेविला. इतक्यात बंदरावरून एक टोपीकर सौदागर आला. त्याने बंदूक पाहून मान हलविली, जैसा वैद्य रोग्याचे घर मोठे पाहून हलवितो, आणि पेटीतून पितळी दुर्बीण काढिली आणि नळीवर कसून दिली, आणि म्हणाला की हीतून कोसावरील मुंगीची मिशी दिसते. मुंगीस मिशी असते काय हे कोणी विचारिले नाही. दरबारात सर्वांनी दुर्बिणीस डोळा लावून वाहवा केली, जानरावांनीही केली. परंतु खरे सांगावयाचे तर जानरावांस तीतून मुंगी दिसली नाही, आणि डोंगरही नीट दिसला नाही. पूर्वी जे धुके लांब होते ते दुर्बिणीने जवळ आणून दिले, इतकेच.

कारण बंदुकीत काही नव्हते. जानरावांच्या डोळ्यांत पडळ येत होते. हे त्यांस ठाऊक नव्हते म्हणावे तर ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणावे तर त्यांनी ते मनाच्या दाराशी उभे ठेविले होते, आत घेतले नव्हते. अंगणातल्या भिंतीवर चुन्याचा थाळीएवढा ठिपका काढून त्यावर बार काढीत, आणि तो लागे, कारण पांढरा ठिपका कोणासही दिसेल. तो लागला की म्हणत, "पाहा, सुधारणा मानवली." आणि उन्हात बसून कानशीने माशी घाशीत बसत, नळीवरली ती नेम धरावयाची लहानशी खूण, आणि घाशीत घाशीत पार झिजवून टाकीत, आणि मग नवी बसवीत.

एके दिवशी ऐसे घाशीत असता त्यांचे कुटुंब सगुणाबाई जवळ येऊन बसल्या. बाई शांत, थोडे बोलणाऱ्या, परंतु बोलल्या की लागे. म्हणाल्या, "बंदुकीला डोळा बसवलात म्हणे." जानराव म्हणाले, "होय. पितळी आहे." बाई म्हणाल्या, "तिला कशाला हवा होता?" जानरावांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "हत्यारातलं तुम्हांस काय कळतं?" "हत्यारातलं नाही कळत," बाई म्हणाल्या, "काल आपण तुळशीजवळच्या रांजणाला 'यावं, बसावं' म्हणालात, तेवढं कळतं." "सावली होती तिथं." "भर दुपार होती." मग जानराव उठले आणि चौकात येरझारा घालू लागले, आणि म्हणाले, "मग मी करू काय? बापाचा मान, आज्याचा मान. माझ्या तोंडाने घालवू?" सगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आत गेल्या.

इकडे राज्यात अनर्थ चालला होता. एक मोठा डुक्कर होता, त्याचा एक सुळा मोडका होता, लोक त्यास एकसुळ्या म्हणत. भोवऱ्यांचे बार चुकत गेले तैसा तो माजत गेला. प्रथम कणसे खाई, मग राखणीची कुत्री फाडू लागला, आणि त्या वर्षी भल्या सकाळी राखणीस गेलेली हौसा कुंभारीण त्याने मारिली. लोकांजवळ भाले होते, चार बंदुकाही होत्या, परंतु पहिला बार भोवऱ्यांचा. तो लागण्याआधी गोळी सोडील किंवा भाला उचलील त्याचे घर जप्त. हौसाचा नवरा दरबाराच्या पायरीशी येऊन बसला. काही मागेना, नुसता बसला. जानराव येता जाता त्यास चुकवून दुसऱ्या दाराने जाऊ लागले. सरदार रुस्तुमराव पाटणे, ज्यांचा नेम त्या काळी राज्यात पहिला, ते एकदा जानरावांस एकीकडे घेऊन म्हणाले, "भोवरे, यंदा तुमच्या जागी मी बसू का? कोणास कळणार नाही." जानराव म्हणाले, "मला कळेल ना!" आणि त्याच पावली उस्तादांकडे जाऊन बंदुकीस आणखी एक पोलादी कमान बसवून आले.

मग शिकारीचा दिवस आला. पहाटेचे दव होते, गारठा होता, आणि डोंगराच्या पोटाशी माळा बांधिला होता. माळ्यावर बंदूक चढविण्यास गडी लागले, आणि दुर्बीण पुसण्यास रेशमी फडके घेऊन एक मनुष्य निराळा उभा होता. पलीकडून हाकेकरी निघाले. हाकेकरी म्हणजे जे ढोल बडवीत, आरोळ्या देत रान उठवितात आणि जनावर बंदुकीसमोर आणितात. त्यांचा मुख्य धुळबा नाईक, जानरावांच्याच वयाचा, तरुणपणापासून त्यांच्यासाठी रान उठवीत आलेला. रीत ऐसी की जनावर दृष्टीस पडले की टेहळ्याने शिंग फुंकावे, शिंग वाजताच ढोल थांबावे, आणि मग बार व्हावा. ढोल जवळ येऊ लागले आणि जानरावांचा गुडघा हालू लागला, आणि माळा त्याबरोबर हालू लागला. मनात एकच चालले होते, की एवढा एक लागो. शिंग वाजले. ढोल थांबले. जानरावांनी दुर्बिणीस डोळा लाविला. धुके. धुक्यात हिरवे काही, पिवळे काही, आणि करवंदीच्या जाळीपाशी काळे, पाठीस कुबड आलेले, स्थिर. त्यांनी श्वास रोखिला आणि चाप ओढिला.

बार उत्तम जाहाला. दस्त्याने खांदा दुखविला नाही, नळी हालली नाही, धूर एका बाजूस गेला, सर्व सुधारणा ज्या ज्या कारणे केल्या त्या त्या कारणे चालल्या. आणि ते काळे जागच्या जागी खाली पडले. जानराव उभे राहून ओरडले, "पडला!" आणि त्याच क्षणी एकसुळ्या भलतीकडून, ओढ्याच्या अंगाने, शेपूट वर करून निघून गेला, आणि तो सर्वांनी पाहिला, फक्त जानरावांनी पाहिला नाही. लोक जाळीकडे धावले आणि एक घोंगडी उचलून आणिली. काळी घोंगडी, धुळबा नाईकाची. तीस गोळीचे भोक पडले होते, अगदी मधोमध.

दरबारी मंडळींस काय, त्यांस कौतुकास निमित्त लागते. कोणी भोकात बोट घालून पाहिले, कोणी म्हणाले की दोरी लावून मोजले तरी मध्य इतका नेमका निघणार नाही, कोणी टोपीकराचे नाव विचारून घेतिले. जानराव माळ्यावरून उतरले. त्यांनी घोंगडी हाती घेतली. ती अजून कोमट होती, अंगावरून नुकती उतरली होती. मग ते जाळीकडे चालू लागले.

धुळबा जाळीमागे जमिनीवर बसला होता, गुडघ्यांना मिठी घालून. त्याच्यामागे सगळे हाकेकरी तैसेच बसले होते. जानराव म्हणाले, "धुळबा, लागलं का रे कुठं?" तो म्हणाला, "न्हाई सरकार. वरडून वरडून उकडाय लागलं, म्हून घोंगडं जाळीवर टाकलं, आन् शिंग झालं तसा बसलो." "का बसलास?" धुळबा बोटाने मातीत रेघ ओढू लागला. जानराव म्हणाले, "मी विचारतो, का बसलास? शिंग झालं की उभं राहून वाट पाहायची, हीच रीत होती ना?" मग धुळबा जमिनीकडे पाहात म्हणाला, "व्हती. तुमचा बार चुकाय लागला तवापासनं आम्ही बसतो. शिंग झालं की समदी खाली. पोरास्नी बी शिकवलंय." जानराव म्हणाले, "तुला ठाऊक होतं. मला दिसत नाही हे तुला ठाऊक होतं." "व्हय जी." "मग बोलला का नाहीस?" "बोललो असतो तर तुमचा मान गेला असता, सरकार." "आणि न बोलता तुझा जीव गेला असता तर?" धुळबाने प्रथमच वर पाहिले. रागाने नाही, खरोखर न समजून. म्हणाला, "त्याला कुटं मान व्हता?"

जानराव उभे होते ते खाली बसले. जन्मात प्रथमच त्यांचा गुडघा हालत नव्हता, मिशीस हात जात नव्हता. त्यांस लाज वाटली, आणि लाजेहून भीती अधिक वाटली, कारण त्यांस तो काळा आकार पुन्हा दिसत होता आणि त्यांस नक्की ठाऊक होते की घोंगडीच्या आत मनुष्य असता तरी त्यांनी चाप ओढिलाच असता, आणि आनंदाने "पडला" म्हणून ओरडलेच असते.

तेथेच तंबूसमोर दरबार भरला. डुक्कर गेला, सबब चालीप्रमाणे बंदुकीस काढण्या लावून आणिली. तिवई, दुर्बीण, कमानी यांसह तीस बांधण्यास दोर फार लागला. न्यायशास्त्री म्हणाले की हा कज्जा नवा आहे, बार चुकला म्हणावे तर गोळी जेथे नेम होता तेथेच लागली, सबब बंदूक निर्दोष. इतकेच नव्हे, सुधारणा फळास आल्या हे शाबीत होते, सबब बंदुकीस सोन्याचा तोडा बक्षीस द्यावा. महाराज म्हणाले, "उत्तम." तबकात तोडा आला. सर्वांनी जानरावांकडे पाहिले, कारण बंदुकीच्या वतीने मुजरा त्यांनी करावयाचा होता. जानराव पुढे जाहाले. मुजरा केला नाही. म्हणाले, "महाराज, बंदूक चोख आहे. पूर्वीही चोख होती, उस्ताद तेव्हाच बोलले. मला दिसत नाही. घोंगडी काय, डुक्कर काय, धुळबा नाईक काय, मला सारखंच. आज मी माणूस मारला होता. तो मेला नाही, ती त्याची हुशारी. चूक माझी."

शास्त्रीबोवांनी पोथी उघडली आणि पुन्हा मिटली. महाराजांचा जानरावांवर लोभ होता, ते हळूच म्हणाले, "भोवरे, अजून विचार करा. हे शब्द परत घेता येतील, आम्ही ऐकले नाहीत." जानराव म्हणाले, "हौसाचा नवरा पायरी सोडून येथवर येऊन बसला आहे, महाराज. त्याने ऐकावे म्हणून मोठ्याने बोललो." मान भोवऱ्यांकडून काढून पाटण्यांस दिला, आणि जानरावांनी पागोट्यावरील मानाचा तुरा स्वहस्ते उतरून रुस्तुमरावांच्या हाती ठेविला. रुस्तुमरावांस इतकी वर्षे हवा होता तो तुरा, परंतु घेताना ते खाली पाहात होते.

दुसरे दिवशी पुन्हा हाका जाहाला. जानरावांस महाराजांनी आपल्या शेजारी आसन दिले होते, ते त्यांनी घेतिले नाही. आपली शाल धुळबाच्या खांद्यावर टाकिली आणि ढोल मागून घेऊन पायी हाकेकऱ्यांत गेले. सरदार मनुष्य, काट्याकुट्यांची सवय नाही, दर दहा पावलांस ठेच लागे, परंतु ढोल मात्र जोराने बडवीत होते. रान उठले. पुढे कोठेतरी झुडपे मोडल्याचा आवाज जाहाला, आणि शिंग वाजले. ढोल एकदम थांबले आणि सगळे हाकेकरी जागच्या जागी खाली बसले. जानराव उभेच राहिले, मान ताठ, जैसे माळ्यावर उभे राहात. त्यांस पुढचे काही दिसत नव्हते. इतकेच कळत होते की धुक्यात समोर कोठेतरी एक बंदूक आहे आणि तिचे तोंड इकडे आहे. धुळबाने त्यांचा अंगरखा धरून खाली ओढिले आणि म्हणाला, "बसा सरकार. बार लई चांगला हाय त्यांचा, तरी बसा." मग जानराव बसले, गुडघ्यांना मिठी घालून, आणि डोळे मिटून घेतिले, आणि वाट पाहू लागले. बार जाहाला. एकसुळ्या पडला.

येणेप्रमाणे हकीकत. साहेबांनी विचारिले की सुधारणा कराव्या की न कराव्या. त्यास रुस्तुमरावांची बंदूक साधी जामगीची होती. तुरा मिळताच त्यांनी टोपीकरास निरोप धाडिला ऐसे कानी येते, खरेखोटे देव जाणे. भोवऱ्यांच्या बंदुकीत दोष नाही, पाहिजे त्याने नेऊन पाहावी. न्यावयाची जाहाल्यास नेणाऱ्याने माळ्यावर चढण्यापूर्वी एक दिवस हाकेकऱ्यांत बसून यावे, आणि मग काय सुधारावयाचे ते आपल्या मनाने ठरवावे. अधिक काय लिहिणे. लिहिणारास उद्या ढोल घेऊन हाक्यास जावयाचे आहे.